हळदीची साक्ष

कर्जत-खालापूरकडे पोराचा गुडघा फुटला की दवाखान्याआधी हात मसाल्याच्या डब्याकडे जातो. जखमेवर हळद दाबायची, हे दादीला कुणी शिकवावे लागत नाही. लग्नात हळद आपल्या घरीही लागते, शेजारच्या आगरी-ठाकूर घरीही.

तरीही २८ मार्च १९९५ रोजी अमेरिकेने जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला दिले. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ मध्ये त्याला आव्हान दिले. महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर, मूळचे गोव्यातील माशेलचे.

तिथे दादीचे सांगणे पुरावा ठरत नव्हते, छापील मजकूर हवा होता. परिषदेने ३२ संदर्भ मांडले. त्यांत १९५३ चा भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेख होता. संस्कृत आणि हिंदीसोबत उर्दू मजकूरही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले. हळदीसाठी उर्दूनेही साक्ष दिली, हे आपल्या मुलांना माहीत असायला हवे.

हळदीचे शास्त्रीय नाव 'कुर्कुमा'ही अरबी 'कुर्कुम'वरून आले आहे. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने त्या दरबारातल्या हकिमांशी चर्चा केल्या. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या त्याच्या औषधी-ग्रंथात हळदीवरही प्रकरण आहे. हकिमांचे ज्ञान टिकले, कारण कुणीतरी ते कागदावर उतरवले.

मात्र अभिमानाच्या भरात भलते दावे नकोत. हळदीतला 'कर्क्युमिन' हा घटक थोडाच असतो आणि नुसता खाल्ला तर शरीरात फारसा शोषला जात नाही. मिरीसोबत तो अधिक शोषला जातो, असे १९९८ मध्ये बंगळूरच्या संशोधकांनी दाखवले. हळद मधुमेहाच्या गोळीची जागा घेत नाही. गंजलेला खिळा लागला तर धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यायलाच हवे.

२००१ मध्ये सरकारने पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल संग्रह सुरू केला. त्यात आयुर्वेदाबरोबर युनानी ग्रंथही आहेत. पण ग्रंथात जे कधी उतरलेच नाही, त्याचे काय? माथेरानच्या पायथ्याच्या कातकरी-ठाकूर बायकांना ठाऊक असलेला पाला, आपल्या दादीचा काढा, हे अजून तोंडीच आहे. दादी आहे तोवर वही घेऊन बसा. काय, किती, कशासाठी, आणि कुणाकडून कळले, तेही लिहा.