जुन्या नाण्यांवरील गंज आणि विजेचा प्रवाह

पहिला पाऊस पडून शेतांतील ढेकळें विरघळलीं, म्हणजे महाराष्ट्रांत कोठें ना कोठें नांगराच्या तासांत एखादी शिवराई वर येते. तिच्या एका बाजूस 'श्री राजा शिव' व दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' हीं अक्षरें असावयाचीं. परंतु डोळ्यांना दिसतो तो केवळ हिरवा जंगाल. अशा वेळीं हात सहजच चिंचेकडे व राखेकडे वळतो. देव्हाऱ्यांतील ताम्हन ज्या रीतीनें लखलखतें, त्याच रीतीनें नाणेंहि लखलखेल, अशी समजूत असते. पण ताम्हनावरचा मळ हा पृष्ठभागावरचा असतो; शेंकडों वर्षें मातींत पडलेल्या नाण्याची गोष्ट निराळी आहे. त्याच्यावरील हिरवें पूट हा बाहेरून बसलेला मळ नव्हे. हवा, पाणी व मातींतील क्षार यांच्या संयोगानें तांब्याचेंच तें रूपांतर झालेलें असतें. जें अक्षर नाण्यावर होतें, तें पुष्कळदां या पुटाच्या आंतच शिल्लक असतें. म्हणून पूट खरवडणें म्हणजे अक्षर खरवडणें होय.

हें रूपांतर उलट दिशेनें नेतां येईल काय? या प्रश्नाचें उत्तर विजेनें दिलें. इ. स. १८०० मध्यें इटलींतील व्होल्टा यानें आपल्या विद्युत्-घटाची माहिती प्रसिद्ध केली. त्याच वर्षीं इंग्लंडांत निकोल्सन व कार्लाइल यांनीं अशा घटाच्या प्रवाहानें पाण्याचे प्राणवायु व हायड्रोजन असे दोन भाग करून दाखविले. १८०७ मध्यें हंफ्रे डेव्ही यानें त्याच साधनानें दाहक क्षारांतून पोटॅशियम व सोडियम हे धातु वेगळे काढले. संयुगांत अडकलेला धातु विजेनें मोकळा होऊं शकतो, ही गोष्ट सिद्ध झाली. या क्रियेस विद्युद्विघटन म्हणतात.

पुराणवस्तूंच्या कामीं तिचा पद्धतशीर उपयोग होण्यास मात्र बराच काळ जावा लागला. बर्लिनच्या राजकीय संग्रहालयांत ठेवलेल्या वस्तु आंतील क्षारांमुळें ठिसूळ होऊन फुटूं लागल्या, तेव्हां १८८८ मध्यें तेथें फ्रीडरिख राटगेन या रसायनज्ञाची नेमणूक झाली. त्यानें वस्तूंच्या रक्षणावर लिहिलेला ग्रंथ १८९८ मध्यें निघाला व १९०५ मध्यें त्याचें इंग्रजी भाषांतरहि झालें. १९२५ मध्यें न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानें फिंक व एल्ड्रिज यांची प्राचीन काशाच्या वस्तूंवरील पुस्तिका प्रसिद्ध केली. हिंदुस्थानांतहि पुराणवस्तु खात्यानें १९१७ मध्यें रसायनज्ञाची जागा निर्माण केली. त्या जागेवरील महंमद सनाउल्ला यांची प्रयोगशाळा पुढें डेहराडूनला गेली.

रीति पाहिली तर सोपी आहे. धुण्याचा सोडा घातलेलें पाणी एका भांड्यांत घेतात. नाणें घटाच्या ऋणाग्रास व लोखंडाची पट्टी धनाग्रास जोडून दोहोंचा एकमेकांस स्पर्श होऊं न देतां तीं त्यांत सोडतात. प्रवाह सुरू होतांच नाण्यावर हायड्रोजनचे बुडबुडे उठूं लागतात. गंजाचा कांहीं भाग पुन्हा धातुरूप होतो, कांहीं सैल होऊन गळून पडतो आणि वस्तूस आंतून पोखरणारे क्षार पाण्यांत उतरतात. या सोपेपणामुळेंच हा प्रयोग आज घरोघर होऊं लागला आहे. त्यांत धोकेहि आहेत. सोड्याऐवजीं मीठ घातल्यास विषारी क्लोरिन वायु निघूं शकतो. लोखंडाऐवजीं स्टेनलेस स्टीलचा चमचा वापरल्यास पाण्यांत क्रोमियमचीं विषारी संयुगें उतरतात. हायड्रोजन तर ज्वालाग्राही आहेच.

याहून मोठा धोका इतिहासास आहे. गंजांत दडलेला तपशील प्रवाहानें जसाच्या तसा धातूंत परत येतो, असा फिंक याचा विश्वास होता. पुढील अनुभवानें तो डळमळला. मूळ पृष्ठभाग पुष्कळदां गंजाच्या थरांतच असतो, व थर गळतांच तोहि जातो. पूर्णपणें गंजरूप झालेलें नाणें तर भांड्याच्या तळाशीं नुसता गाळ होऊन उरतें. १९०६ मध्यें नाशिक जिल्ह्यांतील जोगळटेंभी येथें सुमारें १३,२५० चांदीचीं नाणीं सांपडलीं. तीं क्षत्रप नहपानाचीं होतीं, व त्यांपैकीं ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला छाप पुन्हा मारलेला होता. एका राजाच्या पराभवाचा हा धातूंतील पुरावा होय. नव्या छापाखालच्या जुन्या छापाच्या रेषा पुसट असावयाच्याच. ज्या नाण्यावर अशा रेषा असतील, त्यास अविचारानें स्वच्छ करणारा मनुष्य दोन राजांपैकीं एकास पुसून टाकील.

मोहेंजोदारोचें उदाहरण याहून बोलकें आहे. तेथील एका चांदीच्या भांड्याच्या गंजास कापडाचे तुकडे चिकटलेले होते. मुंबईस माटुंग्याच्या प्रयोगशाळेंत गुलाटी व टर्नर यांनीं ते तपासले, आणि ते तंतु कापसाचे ठरले. धातूच्या क्षारांनींच तें कापड चार हजारांहून अधिक वर्षें कुजूं दिलें नव्हतें. सिंधूकांठचे लोक कापूस कांतीत व विणीत होते, ही गोष्ट अशा रीतीनें गंजाच्या साक्षीनें कळली. तें भांडें कोणीं आधींच लखलखीत केलें असतें, तर चांदी राहिली असती व कापूस गेला असता.

म्हणून सांपडलेली वस्तु प्रथम आहे तशीच कोरडी ठेवावी, तिचें छायाचित्र घ्यावें, वजन करावें आणि ती कोठें व किती खोलीवर मिळाली हें लिहून ठेवावें. जमिनींत पुरलेला दहा रुपयांहून अधिक किंमतीचा ठेवा कलेक्टरास कळविणें १८७८ च्या कायद्यानें आवश्यक आहे, हेंहि विसरूं नये. तिला चिकटलेली माती, धागा वा लाकडाचा कण काढूं नये. संग्रहालयांतील जाणकार तिची परीक्षा करतील, आणि जरूर पडल्यास, जितकें आवश्यक तितकेंच पूट काढतील. अक्षरें वाचण्याची उत्कंठा रास्त आहे. पण मातीनें शेंकडों वर्षें सांभाळलेल्या नाण्यासाठीं आणखी कांहीं दिवस थांबण्यांत कोणाचें कांहींच बिघडत नाहीं.