बाजारच्या दिवसाचा नंबर

आमच्याकडं दवाखान्यात 'नंबर लावणं' हे फोन यायच्या कितीतरी आधीचं. पहिल्या एसटीनं बाजारगावाला जाणाऱ्याजवळ निरोप द्यायचा, "कंपाउंडरला सांग, आमच्या म्हातारीचा नंबर लाव." तो वहीत नाव लिही. वहीत वेळ नसे, नुसता क्रम.

1946 साली भोर समितीनं खेड्यांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रं सुचवली. पुढं सपाटीच्या मुलखात 30 हजार वस्तीमागं एक केंद्र, असं प्रमाण ठरलं. आमच्या वाट्याचं केंद्र बाजारगावात. बाप्ये केव्हाही सायकल काढून जात. बायकांचं दुखणं मात्र मंगळवारची वाट बघे. नुसत्या दवाखान्यासाठी रोजगार बुडवला तर घरात बोलणी कोण खाणार? मिरच्या विकून, मीठ-तेल घेऊन होईस्तोवर सकाळची तपासणी संपलेली असे. चारला दार पुन्हा उघडे, आणि शेवटची एसटी साडेपाचला. मग पिशवी उचलायची, "पुढच्या बाजारी बघू" म्हणायचं.

माझी चुलती असे तीन बाजार परतली. चौथ्या खेपेला तिला बैलगाडीत निजवून न्यावं लागलं. डॉक्टर आमच्यावरच खेकसले, "इतके दिवस काय केलंत?" चुलती काही बोलली नाही. समोरच्या वहीत तिचं नाव तीनदा होतं.

15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरलाही पैसे पडत नाहीत. हे चांगलंच झालं. पण मंगळवारी ओसरीत बघा, बायकाच बायका, अन् प्रत्येकीच्या पायाशी बाजाराची पिशवी.