गाठीतलं एन्झाइम काम करतंय का? मास स्पेक्ट्रोमेट्री ते वजनावरून कसं ओळखते

गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापूर भागातल्या शेतकऱ्याला एकच घाई असते, तोडलेला ऊस लवकर गाळपाला जाण्याची. ऊस फडातच दोन-चार दिवस पडून राहिला तर साखर उतारा घसरतो आणि अशा शिळ्या उसाचा गूळही नीट बसत नाही. त्यामागचं एक मोठं कारण म्हणजे इन्व्हर्टेज हे एन्झाइम. तोडणीनंतरही ते काम करत राहतं. साखरेच्या एका रेणूचे ते पाण्याच्या मदतीने दोन तुकडे करतं: ग्लुकोज आणि फ्रुक्टोज.

हा हिशेब वजनाचा आहे. साखरेच्या रेणूचं वस्तुमान 342, पाण्याचं 18, बेरीज 360. तयार होणारे दोन्ही तुकडे प्रत्येकी 180. म्हणजे रसातले 342 वजनाचे रेणू कमी होत आहेत आणि 180 चे वाढत आहेत, एवढं कळलं तरी इन्व्हर्टेज किती वेगाने काम करतंय हे सांगता येतं. एन्झाइम स्वतः दिसायची गरज नाही.

मास स्पेक्ट्रोमीटर हे यंत्र नेमकं हेच करतं. नमुन्यातल्या रेणूंना विद्युतभार देऊन ते त्यांना निर्वात पोकळीत सोडतं आणि वस्तुमान व विद्युतभार यांच्या गुणोत्तरानुसार वेगळं करतं. कोणत्या वजनाचे रेणू किती, याचा आलेख समोर येतो.

आता कॅन्सरकडे येऊ. गाठीत एखादं एन्झाइम 'आहे' आणि ते 'काम करतंय', या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रथिनं कापणारी अनेक एन्झाइम्स पेशीत निष्क्रिय रूपात पडून असतात किंवा त्यांना रोखणारे रेणू त्यांना चिकटलेले असतात. म्हणून नुसतं प्रमाण मोजलं तर फसगत होऊ शकते. काम मोजण्याची कल्पना मात्र नवी नाही. रक्ताच्या रिपोर्टमध्ये एलडीएच किंवा एसजीपीटीपुढे जे 'यू/एल' लिहिलेलं असतं, ते एन्झाइमच्या वजनाचं नव्हे, कामाचं एकक आहे. 1938 मध्ये अलेक्झांडर आणि एथेल गटमन यांनी दाखवलं होतं की प्रोस्टेटचा कॅन्सर पसरलेल्या रुग्णांच्या रक्तात अॅसिड फॉस्फटेजचं काम वाढलेलं असतं. पुढे त्या चाचणीची जागा पीएसएने घेतली. गंमत म्हणजे पीएसएसुद्धा एन्झाइमच आहे, पण त्याचं मोजलं जातं ते प्रमाण!

मास स्पेक्ट्रोमेट्रीचं सर्वात बोलकं उदाहरण मेंदूच्या ग्लायोमा या गाठीचं. पेशीतलं आयडीएच हे एन्झाइम एरवी अल्फा-कीटोग्लुटारेट नावाचा रेणू बनवतं. ग्लायोमाच्या अनेक रुग्णांमध्ये त्याच्या जनुकात बिघाड असतो. 2009 मध्ये लक्षात आलं की बिघडलेलं आयडीएच बंद पडत नाही, ते नवंच काम करू लागतं. अल्फा-कीटोग्लुटारेटपासून ते 2-हायड्रॉक्सीग्लुटारेट बनवतं. पहिल्याचं वस्तुमान 146, दुसऱ्याचं 148. निरोगी पेशीत हा दुसरा रेणू अगदी नगण्य असतो, गाठीत त्याचा साठा होतो. दोन अंकांचा हा फरक यंत्राला सहज दिसतो.

2014 मध्ये बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमधल्या नॅथली अगार आणि सहकाऱ्यांनी हे यंत्र ऑपरेशन थिएटरमध्ये वापरून दाखवलं. काढलेल्या तुकड्यात 148 चा रेणू आहे का, हे काही मिनिटांत कळत होतं. मेंदूच्या शस्त्रक्रियेत याला मोल आहे, कारण गाठ कुठे संपते आणि चांगला मेंदू कुठे सुरू होतो, हे डोळ्यांना नेहमी दिसत नाही.

एमआयटीतल्या संगीता भाटिया यांच्या गटाने 2013 मध्ये वेगळी वाट धरली. त्यांनी उंदरांच्या शरीरात सूक्ष्म कण सोडले. गाठीतल्या एन्झाइमांनी त्या कणांवरचे प्रथिनांचे धागे कापले, तुकडे लघवीत उतरले आणि मास स्पेक्ट्रोमीटरने ते ओळखले. प्रयोग उंदरांवरचा होता, हे असे व्हिडिओ फॉरवर्ड करताना विसरलं जातं.

मग कोल्हापूरच्या रुग्णाला याचा उपयोग काय? इथे अडचण बाटलीतच आहे. गाठीचा तुकडा काढला की तो फॉर्मलिनमध्ये टाकतात आणि नंतर मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवतात. पावणेचारशे किलोमीटरवरच्या परळच्या टाटा हॉस्पिटलला नातेवाईक नेतात ते हेच ब्लॉक आणि स्लाइड. फॉर्मलिनमुळे पेशींची रचना टिकते, एन्झाइमचं काम मात्र थांबतं. काम मोजायचं तर तुकडा ताजा किंवा लगेच गोठवलेला हवा. पवईच्या आयआयटीत मेंदूच्या गाठींतल्या प्रथिनांवर मास स्पेक्ट्रोमेट्रीने संशोधन चालतं, पण ते संशोधन आहे. गावच्या लॅबमध्ये पैसे भरून करायची चाचणी नव्हे.

सुदैवाने आयडीएचमधला बिघाड मेणाच्या ब्लॉकवरही शोधता येतो: आधी अँटिबॉडीचा रंग लावून, गरज पडल्यास जनुक तपासून. ऑगस्ट 2024 मध्ये अमेरिकेत व्होरासिडेनिब या औषधाला मान्यता मिळाली. बिघडलेल्या आयडीएचचं काम रोखणारं हे औषध ग्रेड 2 च्या ठरावीक ग्लायोमांसाठी, शस्त्रक्रियेनंतर दिलं जातं. त्यामुळे ग्लायोमाच्या रिपोर्टमध्ये 'आयडीएच म्युटंट' की 'वाइल्ड टाइप' हे लिहिलेलं नसेल, तर डॉक्टरांना ते जरूर विचारावं, आणि मूळ ब्लॉक जपून ठेवावेत.