आधी अक्षर की आधी वेलांटी?

तीस वर्षे कचेरीत मराठी टंकयंत्र बडविल्यावर गेल्या दिवाळीत माझ्यापुढे संगणक आला. सूनबाईंनी विचारले, "बाबा, कळांची मांडणी कोणती ठेवू?" मी म्हणालो, "जुनीच!"

वाचकहो, बोटांची सवय मोठी चिवट. शोल्स यांचे यंत्र रेमिंग्टनने १८७४ साली बाजारात आणले. ड्वोरॅक आणि डीली यांनी १९३६ साली निराळ्या मांडणीचे पेटंट मिळविले. तरी जग जुनीलाच धरून राहिले.

आमच्या टंकयंत्रावर 'कि' उमटवायचा तर आधी ऱ्हस्व वेलांटी, मग 'क'. डोळ्यांना दिसते तसे. १९९१ च्या भारतीय मानकातली इन्स्क्रिप्ट मांडणी कानाचे ऐकते. तिथे आधी 'क', मग वेलांटी. स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या.

तेव्हा उमगले. कचेरीत मी दुसऱ्यांच्या मजकुराची नक्कल करी. ते डोळ्यांचे काम. आता मला आईच्या आठवणी लिहायच्या होत्या, आणि तिचे बोलणे अजून माझ्या कानात आहे. मी सूनबाईंना मांडणी बदलायला सांगितली.

महिनाभर बोटे अडखळली. यंदा मात्र फराळाच्या वेळी पहिली बारा पाने नातवंडांना वाचून दाखविणार आहे.