सातारा तहाचा वाद

सातारा तहाचा वाद हा सातारचे छत्रपती आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात २५ सप्टेंबर १८१९ रोजी झालेल्या तहाच्या अर्थावरून उद्भवलेला राजकीय व कायदेशीर वाद होय. छत्रपतींची बाजू लंडनमध्ये मांडणारे रंगो बापूजी गुप्ते हे भोर तालुक्यातील कारी येथील, रोहिडखोऱ्याच्या देशपांडे घराण्यातील होते.

तहातील कलमे

कंपनीने छत्रपती प्रतापसिंह, त्यांचे वारस व उत्तराधिकारी यांना ठरावीक मुलूख कायमच्या सार्वभौमत्वासह दिला. त्याच तहाने छत्रपतींना कंपनीच्या दुय्यम सहकार्यात ठेवले आणि परकीय सत्तांशी पत्रव्यवहार करण्यास मनाई केली. भोरच्या पंत सचिवांसारख्या जहागीरदारांशी कंपनीने १८२० मध्ये स्वतंत्र करार केले. जहागिरींवरील अधिकार कोणाचा, हा पुढे मतभेदाचा विषय ठरला.

पदच्युती व दाद

गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याचा व कंपनीचे सैन्य फितवल्याचा आरोप ठेवून १८३९ मध्ये प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीस पाठवण्यात आले. रंगो बापूजींनी १८४० ते १८५३ या काळात लंडनमध्ये राहून संचालक मंडळाकडे व पार्लमेंटच्या सभासदांकडे दाद मागितली. जोसेफ ह्यूम व जॉर्ज थॉम्प्सन यांनी त्यांना पाठिंबा दिला. तह उभय पक्षांना बंधनकारक असून आरोपीचे म्हणणे रीतसर ऐकल्यावाचून शिक्षा देणे अन्यायाचे आहे, असा छत्रपतींच्या बाजूचा मुख्य युक्तिवाद होता.

वारसाचा प्रश्न

१८४८ मध्ये छत्रपती शहाजी उर्फ आप्पासाहेब दत्तक घेऊन निधन पावले. 'वारस' या शब्दात दत्तक पुत्र येतो की नाही, यावर वाद झाला. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज क्लार्क यांनी दत्तकाची बाजू घेतली. मात्र लॉर्ड डलहौसीचे मत ग्राह्य धरून राज्य खालसा करण्यात आले.

महत्त्व

दुर्बल राज्याने प्रबळ राज्याचे संरक्षण स्वीकारले, तरी कारभार स्वतःकडे असेपर्यंत त्याचे सार्वभौमत्व नष्ट होत नाही, असे स्विस विधिज्ञ वॅटेल याचे मत होते. कंपनीने मात्र साताऱ्यास आपण निर्माण केलेले अंकित राज्य मानले. चीनमध्ये व्हीटनच्या आंतरराष्ट्रीय कायद्यावरील ग्रंथाचे भाषांतर १८६४ मध्ये प्रसिद्ध झाले. साताऱ्याच्या मुत्सद्द्यांनी त्याआधीच तहाची भाषा कंपनीविरुद्ध वापरली होती.

परिणाम

परतल्यानंतर रंगो बापूजींनी १८५७ च्या उठावात भाग घेतला व ते अज्ञातवासात गेले. त्यांचे पुत्र सीताराम यांना साताऱ्यात फाशी देण्यात आली. सातारा खालसा झाल्यावर भोर थेट ब्रिटिशांच्या अधीन आले. वेल्ह्यातील राजगड व तोरणा हे किल्ले असलेले हे संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले.