रमल

रमल (अन्य नाव: रमलशास्त्र) ही फासे टाकून अथवा बिंदू काढून मिळालेल्या चिन्हांवरून प्रश्नाचे उत्तर सांगण्याची भविष्यकथनपद्धती आहे. ती अरबी-फारसी परंपरेतून भारतात आली. रमल पाहणाऱ्यास रमलज्ञ किंवा रम्माल म्हणतात. या पद्धतीत जन्मवेळ वा जन्मपत्रिका लागत नाही. हरवलेली वस्तू, प्रवास, आजारपण, परागंदा माणूस अशा विषयांवरील प्रश्न तीत विचारले जातात.

व्युत्पत्ती आणि इतिहास

अरबी भाषेत ‘रम्ल’ म्हणजे वाळू. मूळ रीतीत वाळूवर न मोजता बोटाने बिंदूंच्या ओळी काढीत. ओळीतील बिंदू विषम आल्यास एक बिंदू आणि सम आल्यास दोन बिंदू धरीत. बाराव्या शतकात ही विद्या लॅटिन अनुवादांद्वारे युरोपात पोहोचली. योरुबा लोकांची ‘इफा’ आणि मादागास्करमधील ‘सिकिदी’ या पद्धतीही याच सोळा चिन्हांवर आधारलेल्या आहेत. महंमद इब्न खुतलुख अल-मौसिली याने इ.स. १२४१-४२ मध्ये घडविलेले रमलाचे पितळी यंत्र ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. भारतात या विषयावर संस्कृत ग्रंथही रचले गेले. परमसुख उपाध्याय यांचा ‘रमलनवरत्न’ हा त्यांपैकी एक होय.

चिन्हे

प्रत्येक चिन्हास ‘शकल’ म्हणतात. शकलात एकाखाली एक चार स्थाने असून ती अनुक्रमे अग्नी, वायू, जल व पृथ्वी या तत्त्वांची मानली जातात. प्रत्येक स्थानी एक बिंदू किंवा दोन बिंदू (अथवा त्यांऐवजी एक रेघ) असल्याने एकूण सोळा शकले होतात. चारही स्थानी एकेक बिंदू असलेले शकल ‘तरीक’ (वाट), तर चारही स्थानी दोन-दोन बिंदू असलेले ‘जमात’ (समूह) होय. ‘लह्यान’ उलटे केल्यास ‘अंकीस’ होते.

पद्धत

भारतीय रीतीत दोन सळयांत प्रत्येकी चार फिरते फासे ओवलेले असतात. दोन्ही सळया टाकून शेजारी ठेवल्या की एकाच वेळी चार शकले मिळतात. त्यांतील बिंदू आडव्या क्रमाने वाचून पुढील चार शकले मांडतात. नंतर दोन-दोन शकलांची बेरीज करीत (विषमास एक, समास दोन) उरलेली घरे भरतात. अशा सोळा घरांच्या मांडणीस ‘प्रस्तार’ म्हणतात. पहिली बारा घरे कुंडलीतील बारा भावांशी जुळविली जातात, तर पंधरावे घर ‘मीझान’ (तराजू) हे निर्णयाचे मानले जाते.

प्रस्तारात यदृच्छेने येतात ती केवळ पहिली चार शकले. पुढचे सर्व गणिताने ठरते. त्यामुळे प्रस्तार ६५,५३६ प्रकारचेच होऊ शकतात. पाचव्या ते आठव्या शकलांत पहिल्या चारांचेच बिंदू पुन्हा येत असल्याने आठांची एकूण बेरीज नेहमी सम असते. म्हणून मीझानमध्ये सम बिंदूंचे शकलच येते, म्हणजे सोळांपैकी आठच शकले तेथे संभवतात. विषम शकल आल्यास मांडणी चुकली असे समजतात.

रून चिन्हांशी साम्य

उत्तर युरोपातील रून लिपीच्या चिन्हांवरून भविष्य पाहण्याची आधुनिक प्रथा रमलाशी मिळतीजुळती आहे. रोमन इतिहासकार टॅसिटस याने इ.स. ९८ च्या सुमाराच्या ‘जर्मानिया’ या ग्रंथात खुणा केलेल्या काटक्या पांढऱ्या वस्त्रावर टाकून त्यांतील तीन उचलण्याच्या प्रथेचे वर्णन केले आहे. मात्र त्या खुणा रून होत्या याचा पुरावा नाही. सध्याची रीत प्रामुख्याने विसाव्या शतकातील असून राल्फ ब्लम यांच्या १९८२ मधील पुस्तकाने ती लोकप्रिय झाली. रूनमध्ये प्रत्येक चिन्ह स्वतंत्रपणे उचलले जाते. रमलात एका चिन्हातून दुसरे काढले जाते.

साहित्यात

जी. ए. कुलकर्णी यांच्या ‘रमलखुणा’ (१९७५) या पुस्तकाचे शीर्षक या विद्येवरून आले आहे. त्यात ‘प्रवासी’ व ‘इस्किलार’ या दोन दीर्घकथा आहेत.

चिकित्सा

प्रस्ताराचे गणित अचूक असले, तरी फाशांचे दान आणि विचारलेला प्रश्न यांच्यात कार्यकारणसंबंध असल्याचा वैज्ञानिक पुरावा नाही. एकाच शकलाचा अर्थ प्रश्न, घर व रमलज्ञ यांनुसार बदलतो. त्यामुळे गणिताच्या काटेकोरपणावरून फलादेशाची सत्यता सिद्ध होत नाही. आजारपणासारख्या प्रश्नांत हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण अशा उत्तरावर विसंबल्यास उपचारांस विलंब होऊ शकतो.