पोटनोंदींचा शोध: आयएमएस ते जेसनपाथ

नोंदीच्या पोटात नोंद ठेवण्याची पद्धत डेटाबेसइतकीच जुनी आहे. अपोलो मोहिमेतल्या सॅटर्न ५ अग्निबाणाच्या सुट्या भागांची अवाढव्य यादी सांभाळण्यासाठी आयबीएमने रॉकवेल आणि कॅटरपिलर यांच्यासह १९६६ पासून आयएमएस ही प्रणाली उभी केली. तिच्यात भागाखाली उपभाग, त्याखाली त्याचे घटक अशी उतरंड असे. 'पुढची नोंद दे', 'याच नोंदीखालची पुढची दे' अशा आज्ञा देत प्रोग्रॅम खाली उतरे. उतरंड बदलली, की प्रोग्रॅमही बदलावा लागे.

आयबीएमचेच संशोधक एडगर कॉड यांनी १९७० च्या निबंधात नेमके यावरच बोट ठेवले. त्यांचे उदाहरण साधे होते: कर्मचाऱ्याच्या नोंदीत नोकरीचा इतिहास, त्याच्या पोटात पगाराचा इतिहास, शिवाय मुलांची यादी. कॉड यांनी त्याचे चार सपाट तक्ते केले आणि प्रत्येकात कर्मचारी क्रमांक घातला. आता वाट सांगायची गरज नव्हती. काय हवे ते सांगितले की पुरे. या विचारातून एसक्यूएल ही शोधभाषा आली. १९८० च्या दशकात आयबीएमच्याच हायडेलबर्ग केंद्रात पोटतक्त्यांचे, म्हणजे तक्त्याच्या पोटातल्या तक्त्यांचे, बीजगणित मांडले गेले, पण बाजाराने ते फारसे मनावर घेतले नाही.

वाटेची भाषा परतली ती एक्सएमएल या उतरंडीच्या मजकूर-स्वरूपाबरोबर. १९९९ च्या एक्सपाथमध्ये तिरप्या रेघांनी वाट लिहीत. २००९ साली आलेल्या, पोटनोंदी ठेवणाऱ्या मोंगोडीबी या डेटाबेसमध्ये टिंबांनी: 'वस्तू.रंग', 'वस्तू.माप'. ही सोय दिसते तितकी निरुपद्रवी नाही. एका ऑर्डरमध्ये लाल मोठा आणि निळा लहान असे दोन शर्ट आहेत. 'वस्तू.रंग लाल' आणि 'वस्तू.माप लहान' अशा दोन अटी घातल्या, तर लाल लहान शर्ट नसूनही ही ऑर्डर हाती येते, कारण एक अट पहिल्या शर्टाने भागते, दुसरी दुसऱ्याने. दोन्ही अटी एकाच वस्तूला लावायच्या, तर 'एलेममॅच' ही वेगळी आज्ञा लागते.

मोंगोडीबीच्या २०१२ च्या २.२ आवृत्तीत 'अनवाइंड' आले. ते यादीतल्या प्रत्येक वस्तूची वेगळी नोंद करते आणि ऑर्डरचा तपशील प्रत्येकीवर पुन्हा उतरवते. कॉड यांचेच सपाटीकरण हे, फक्त शोधापुरते.

उलट्या दिशेनेही वाहतूक झाली: तक्त्यांच्या डेटाबेसांनी पोटनोंदी स्वीकारल्या. पोस्टग्रेएसक्यूएल या एसक्यूएल डेटाबेसने २०१४ साली जेसन स्वरूपातल्या पोटनोंदींसाठी जेसनबी हा प्रकार आणला, एसक्यूएलच्या २०१६ च्या प्रमाणकात जेसनमधली वाट लिहिणारा जेसनपाथ आला आणि तो पोस्टग्रेएसक्यूएलच्या १२ व्या आवृत्तीत उतरला. त्यातल्या गाळणीच्या अटी एकेका वस्तूवर तपासल्या जातात; दोन्ही अटी एकाच गाळणीत लिहिल्या, तर लाल-लहानचा घोळ होत नाही.